अण्णांच्या खोलीचा गारवा

१

दर मे महिन्यात मला घाटनांदूरच्या बंगल्यावर जावं लागतं. माझं दुकान केजला, तहसीलच्या मागच्या गल्लीत. फ्रिज, कूलर, एसी. विजयसिंह भैय्या आमच्या भागातले पुढारी, त्यांच्या बंगल्यावरचं काम म्हणजे माझं आजवरचं सगळ्यात मोठं काम, आणि ते मीच बसवलंय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी पुष्कळ लोकांवर चिडणार आहे. तेव्हा कुणी विचारू नये, की गुफरान मिस्त्री, तुमचं काय?

बंगल्यात खोलीखोलीला वेगळे एसी नाहीत. गच्चीवर एकच मोठं मशीन आहे. त्यातून निघालेले पत्र्याचे चौकोनी बोगदे वेगवेगळ्या खोल्यांत उतरतात, आणि प्रत्येक बोगद्यात मोटारीवर उघडमीट करणारी एक झडप आहे. ज्या खोलीला गारवा हवा तिची झडप उघडायची, बाकीच्यांची मिटायची. अशा प्रत्येक भागाला झोन म्हणतात. बंगल्यात पाच झोन. हॉल एक नंबर. पाच नंबर म्हणजे मोहनरावांची, भैय्यांच्या वडिलांची खोली.

सगळ्या झडपांचा ताबा भैय्यांच्या मोबाइलमध्ये. खोल्यांच्या भिंतींवर बटणं आहेत, पण ती भैय्यांच्या सांगण्यावरून मीच लॉक केली. "उगं जो येईल तो दाबीत बसंल," असं त्यांचं म्हणणं. लॉक असताना बटण दाबलं की पडद्यावर एक छोटं कुलूप लुकलुकतं आणि मालकाच्या मोबाइलवर टिंग वाजतं. झडप काही हलत नाही.

आणि खिडक्यांना सबंध काचा, चारी बाजूंनी सिलिकॉन भरून बंद केलेल्या. बीड जिल्ह्यात, जिथं मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, तिथं न उघडणाऱ्या खिडक्या! पुण्याहून आलेल्या आर्किटेक्टनं चित्र काढलं आणि भैय्यांनी मान डोलावली. एखादी तरी उघडती ठेवा, असं मी म्हणून पाहिलं होतं. "खिडक्या उघड्या ठिवायला हे काय बस स्टँड हाय का बे?" असं म्हणून चार माणसांत मला हसले होते.

यंदा सर्व्हिसिंगच्या आधीच त्यांचा फोन आला.

"गुफरान, पाच नंबरचा आकडा येड्यावानी दाखवतोय. शेहेचाळीस! अण्णाची खोली काय भट्टी हाय का? येऊन बघ."

सेन्सर गेला असणार. सेन्सर जातात, त्यात विशेष काही नाही. दुपारी दीडच्या सुमारास मी पोचलो. जिन्याखाली पॅनल आहे, त्यावर पाचही खोल्यांचे आकडे दिसतात. चोवीस, पंचवीस, पंचवीस, सव्वीस आणि पाच नंबरला पंचेचाळीस.

मी पाच नंबरचं दार ढकललं. आत छान गारवा होता. माझ्या हातातल्या मीटरनं सत्तावीस दाखवले. मोहनराव जाऊन वर्ष होत आलं होतं. पलंग रिकामा होता, त्यावर पांढरी चादर नीट अंथरलेली. पलंगाशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मोहनरावांच्या बायको, मुक्ताकाकू, बसल्या होत्या. त्या पलंगाकडे तोंड करून बसल्या होत्या, दवाखान्यात पेशंटपाशी बसतात तशा.

"पाशाचा ल्योक न्हव का तू?" त्या म्हणाल्या. माझे अब्बा पाशा मिस्त्री त्यांचे पंखे दुरुस्त करायचे. "दार लाव बाबा. आन् हळू बोल."

२

नवा सेन्सर खिशातून काढला. हातात धरला तर सत्तावीस. भिंतीवर, पलंगाच्या उशाशी, जुन्याच्या जागी बसवला तर आकडा चढायला लागला. एकतीस, छत्तीस, चाळीस, पंचेचाळीस. काढून हातात घेतला, सत्तावीस. पुन्हा भिंतीला लावला, पंचेचाळीस.

मला हसू आलं. कामात असं काही झालं की आधी हसूच येतं, मग डोकं फिरतं.

भिंत पश्चिमेची, ऊन खाल्लं असेल, म्हणून भिंतीला तळहात लावला. भिंत गार होती. वायर कुठं भाजत असेल म्हणून वायर तपासली, ठीक होती. मग सेन्सर लांब वायरीला जोडून खोलीभर फिरवला. दाराशी सत्तावीस, खिडकीशी अठ्ठावीस, काकूंच्या खुर्चीशी सत्तावीस. पलंगावर धरला आणि आकडा पळत सुटला. चादरीच्या बरोबर मध्यावर सत्तेचाळीस झाले.

"लई तापलंय ना?" काकूंनी विचारलं.

"मशीनमदी बिघाड हाय, काकू. खोली गारच हाय."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी खाली बघून स्क्रू आवळायला लागलो.

बाहेर पडलो तर मागच्या अंगणात शहादेव तारेवर चादर टाकत होता. शहादेव हा घरचा गडी, पन्नाशीचा. मोहनरावांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचं सगळं तोच करायचा.

"आज धुणं लवकर?"

"धुणं कसलं, मिस्त्री. अण्णाच्या पलंगावरली चादर हाय. रोज दुपारी वली व्हती. पिळली तर पाणी निघतं."

"छतातून गळत असंल. पायपाला घाम येतो."

"मीबी तेच म्हणलो. पण पाणी खारट हाय."

त्यानं हे सांगितलं आणि चादर झटकली. तुला कसं कळलं, असं मी त्याला विचारलं नाही. गच्चीवर जाऊन पाच नंबरचा बोगदा सबंध हातानं चाचपला. कुठंही थेंब नव्हता.

३

मोहनराव कसे गेले ते सांगायला हवं, नाहीतर माझा संताप कुणाला कळणार नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत बंगल्यावर भैय्यांची मीटिंग होती. गावोगावचे कार्यकर्ते, दीडशे माणूस हॉलमध्ये. एवढ्या माणसांना मशीन पुरेना. भैय्यांनी मोबाइल काढला आणि बाकीच्या चारही झडपा मिटल्या. सगळा गारवा हॉलला. तीन खोल्या रिकाम्याच होत्या. चौथीत उजवं अंग लुळं पडलेला म्हातारा होता. काकू भाचीच्या लग्नाला पालीला, माहेरी गेल्या होत्या. शहादेवला चहाच्या ट्रे घेऊन हॉलमध्ये उभं केलं होतं. पाच नंबरचं दार ओढून घेतलं होतं, कारण पाहुण्यांना बेडपॅन दिसायला नको.

दार बंद, काच बंद, झडप बंद. पंखा त्या बंगल्यात एकाही खोलीत नाही. छताची शोभा जाते म्हणे.

साडेचारला मीटिंग संपली तेव्हा मोहनराव संपलेले होते. डॉक्टरांनी हार्ट अटॅक लिहिला. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर जे झालं त्यानं आजही तळपायाची आग मस्तकात जाते. मुंबईहून मोठे साहेब अंत्यदर्शनाला येणार होते, म्हणून माती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्यायचं ठरलं. तोवर देह नीट राहायला हवा. भैय्यांनी मला बोलावून घेतलं. चार झडपा मिटल्या, पाच नंबरची सताड उघडली, आणि सोळावर लावलं. रात्रभर आणि दुसरा दिवसभर त्या खोलीत सोळा डिग्री गारवा होता. भेटायला येणारी माणसं शाली पांघरून आत जात होती. बाहेर आल्यावर म्हणत होती, पोरानं बापाची काय व्यवस्था ठेवली!

जिवंत होता तेव्हा तीन तास अठ्ठावीससुद्धा दिलं नाही. मेल्यावर सोळा. आणि मी तिथं पॅनलपाशी उभा राहून आकडा बरोबर राहतो की नाही ते बघत होतो. साहेबांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

४

आठ दिवसांनी परत फोन. आकडा आता अठ्ठेचाळीसवर जात होता, आणि शिवाय कुलूप लुकलुकत होतं.

"आईला सांगितलं, बटन दाबू नको म्हणून," भैय्या फोनवर करवादले. "ती म्हणती मी दाबतच न्हाई. दुपारभर माझा फोन टिंग टिंग. आवाज बंद करून टाकला मी. तू ते बटनच काढून टाक."

मी जाऊन बटण काढलं. सेन्सर काढला. वायरी कापल्या, टोकांना टेप गुंडाळली, भिंतीतल्या भोकावर कोरी पट्टी ठोकली. आता पाच नंबरच्या भिंतीवर काहीच नव्हतं. जिन्याखाली येऊन पॅनल पाहिलं तर पाचव्या रकान्यात अठ्ठेचाळीस, आणि शेजारी कुलूप. लुकलुकलं. थांबलं. लुकलुकलं.

पॅनलच्या पोटात जुनी माहिती राहते, मी मनाशी म्हटलं. जुनंच काहीतरी परत परत दाखवत असेल. मग जुनं काय आहे ते बघू या. मी कळ दाबत मागं मागं गेलो, गेल्या वर्षीच्या त्या तारखेपर्यंत.

पाच नंबर, लॉक असताना बटण दाबलं, वेळ एक बारा. एक बारा. एक तेरा. मिनिटाला तीन-चार वेळा. दोन वाजेपर्यंत एक सलग ओळ. मग मिनिटाला एकदा. मग पाच मिनिटांत एकदा. शेवटचं तीन चाळीसला. एकूण दोनशे बारा.

ते बटण उशाशी, इतकं खाली मीच बसवलं होतं. मोहनरावांनी स्वतः सांगितलं होतं, "मिस्त्री, झोपल्या झोपल्या माझा डावा हात पोचला पायजे." हात पोचत होता. दोनशे बारा वेळा पोचला.

त्या मीटिंगचा फोटो भैय्यांनी सगळ्यांना पाठवला होता, माझ्याकडे अजून आहे. भैय्या खुर्चीवर बसलेत, आणि समोर टेबलावर पुढ्यातच त्यांचा मोबाइल. मी पॅनलपाशी उभा राहून त्यांना तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. शिव्या देऊन थकलो तेव्हा पॅनलवरच्या ओळी परत वाचल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, कुणाकुणाला कळवलं ते. मालक. बसवणारा.

बसवणारा म्हणजे मी.

मला ते आठवतच नव्हतं असं नाही. मी आठवू दिलं नव्हतं. त्या दुपारी मी घरी जेवत होतो. फोन बाजूला पडून सारखा वाजत होता. जुलेखा, माझी बायको, म्हणाली, "कबसे बज रा. देखो तो सही." मी पाहिलं. पाच नंबर, पाच नंबर, पाच नंबर. म्हटलं, बंगल्यावर कुणीतरी बटणाशी खेळतंय. त्या टिंगचा आवाज बंद केला, तो आजवर बंदच आहे, फोन पालथा घातला आणि कूलरसमोर झोपलो. चार वाजता उठलो.

५

"काकूंला त्या खोलीतून हलवा," मी भैय्यांना तोंडावर सांगितलं. व्हरांड्यात ते झोपाळ्यावर बसले होते.

हे सांगण्याचं धाडस मला शहादेवमुळं झालं. काकू रोज एक वाजता पाच नंबरमध्ये जाऊन बसतात आणि चारला बाहेर येतात, हे त्यानं सांगितलं. दोनदा त्या दारातच कोसळल्या होत्या. अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. सत्तावीस डिग्रीच्या खोलीत बसलेल्या बाईला ऊन! या वयात तिसऱ्यांदा झालं तर हाती लागायच्या नाहीत, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते.

"आईच हट्टानं बसती," भैय्या म्हणाले. "मी काय बांधून ठिवलंय का?"

"मंग खोली मोडा. खिडकी फोडा. निदान पाच नंबरचं बटन परत लावून लॉक तरी काढू द्या."

त्यांनी झोपाळा थांबवला. "गुफरान, तहसीलचं मशीन कोण बघतं?"

"मी."

"पंचायत समितीचं?"

"मीच."

"कावून बघतोस, ठाव हाय ना? मंग मशीनचं बघ. माझ्या घरातलं मला कळतं."

मी मान खाली घातली. हो, घातली. माझ्या घरी तीन लेकरं आहेत, हे मी त्या क्षणी मनात म्हटलं, आणि ते म्हणताना माझीच मला किळस आली.

जाताना पाच नंबरमध्ये डोकावलो. "काकू, तुमी हितं नका बसू. म्या पाया पडतो."

"मी न्हाई बसले तर कोण बसंल? तू?"

त्यांनी पदर सावरला तेव्हा मनगट दिसलं. मनगटाच्या आतल्या बाजूला लाल डाग होते, गोल, बोटाच्या पेराएवढे. एकावर एक, इतके की मधली कातडी दिसत नव्हती. गरम भांड्याला हात लागल्यावर उठतात तसले.

"हे काय लागलं?"

"काय न्हाई. जा तू. दार वढून घे."

६

पुढच्या गुरुवारी बंगल्यावर परत मीटिंग होती. दुपारी एकला शहादेवचा फोन आला. तो कुजबुजत होता.

"मिस्त्री, काकू आत हायती, आन् भैय्यानं पाचची झडप मिटली. मी सांगाया गेलो तर चार लोकांत माझ्यावर वराडले. तुमी या."

केज ते घाटनांदूर मी त्या दिवशी कसा गेलो ते मला सांगता येणार नाही. वारा तोंडावर लागत होता तो वारा नव्हताच. वाटेत मी सारखा बडबडत होतो, भैय्यांना, आर्किटेक्टला, मोठ्या साहेबांना, स्वतःला.

बंगल्यात शिरलोच नाही, बाहेरच्या लोखंडी शिडीनं सरळ गच्चीवर गेलो. मोटारीची वायर उपटली की झडप हातानं फिरवता येते. एक नंबरची, हॉलची, झडप पूर्ण मिटली. पाच नंबरची पूर्ण उघडली. पत्र्याला कान लावला तर आत हवा धावताना ऐकू आली. दीडशे माणसांचा गारवा एका खोलीत चालला होता. वर्षभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मग खाली पाच नंबरमध्ये गेलो.

दार उघडताच थंडीनं अंगावर काटा आला. वरच्या जाळीतून वारा नुसता कोसळत होता. काकू खुर्चीत होत्या, पदर उडत होता, आणि त्यांच्या तोंडावर घामाची धार लागली होती. ओठ पांढरे पडले होते. त्यांचा उजवा हात लांब करून पलंगाच्या कडेवर ठेवलेला, मनगट वर.

मी त्यांना उठवायला पुढं झालो आणि एका पावलावर थंडी संपली. कमी झाली असं नाही. तिथं पलंगाच्या कडेला ती कापल्यासारखी संपत होती. पलीकडे भट्टी होती. हनुवटी थंडीत आणि कपाळ जाळात, असं मी उभा राहिलो. एका खोलीत दोन झोन! असली झडप मी बसवली नव्हती, कुणालाच बसवता येणार नाही. गारवा त्या कडेपर्यंत येत होता आणि पुढं जात नव्हता. मेल्यावर दिलेला गारवा पोचत नाही, एवढं मला त्या क्षणी कळलं.

चादर ओली होत होती. मध्यभागी एक डाग पडला, मग खांद्याच्या जागी, मग उशीवर. उशी हळूच दबली.

"काकू, उठा."

"उठले की ते परत बटनाकडं जात्यात," त्या पुटपुटल्या. "दाबत्यात, दाबत्यात, आन् कुणीबी येत न्हाई. म्हणून मी हात देते. हात दिला की निदान कुणीतरी हाय, एवढं तरी त्यांना कळतं."

त्यांच्या मनगटावर एक नवा डाग उठताना मी पाहिला. आधी कातडी दबली, मग लाल झाली. थोडं थांबून शेजारी दुसरा.

मी त्यांना अलगद बाजूला केलं आणि खुर्चीत बसलो. माझा हात त्या कडेपलीकडे ठेवला.

बोट टेकलं. वाळकं, तापलेलं. दाबलं. थांबलं. परत दाबलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. बटण दाबतात तसं साधं दाबणं होतं ते, या वेळी तरी लागेल या आशेनं दाबलेलं.

"अण्णा," मी म्हटलं, "वाजलं हुतं. मला ऐकू आलं हुतं. मी बंद केलं."

बोट थांबलं नाही.

७

हॉलमधला आवाज वाढला. आधी खुर्च्या सरकल्या, मग कुणी तरी दार उघडा, दार उघडा म्हणायला लागलं. त्या मोठ्या काचांमागं दीडशे माणूस गारव्याशिवाय दहा मिनिटंही बसू शकत नव्हता. मग बूट वाजले आणि पाच नंबरचं दार धाडकन उघडलं.

"गुफरान! हॉल कावून तापला बे?" भैय्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "माझा मोबाइल काय घेईना. आन् तू हितं बसून काय करायलास?"

"अण्णाला हात दिलाय."

"काय?"

"हितं हायती ते. अजून दाबायलेत. गेल्या साली दोनशे बारा वेळा दाबलं. तुमच्या फोनवर वाजलं, माझ्याबी वाजलं."

त्यांचं तोंड क्षणभर उघडं राहिलं. त्यांना ते आठवलं. ते मी पाहिलं आणि त्यासाठी मी कुठंही शपथ घेईन. मग ते आईकडे वळले. "हे काय नाटक लावलंय? माणसं बसलीत बाहेर."

"इजय," काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, "खरं सांग. वाजलं हुतं का?"

"न्हाई. फोन गाडीत हुता माझा."

तो फोटो माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये होता. पण मी तो काढला नाही. काढून काय होणार होतं? ते माझ्यावरच ओरडले असते. "ऊठ बे," म्हणून त्यांनी माझा खांदा धरायला हात पुढं केला, आणि तो हात पलंगाच्या कडेपलीकडे गेला.

माझ्या मनगटावरचं बोट उठलं.

मी भैय्यांच्या तोंडाकडेच बघत होतो. आधी ते चिडलेले होते. मग त्यांनी हात मागं ओढला, पण हात आला नाही. ते ओरडले नाहीत. त्यांच्या मनगटात खळगा पडला आणि ते हळूहळू खुर्चीत बसले. मी उठलोय कधी आणि खुर्ची रिकामी झालीय कधी, हे माझं मलाच कळलं नव्हतं. उशीवर मी पाहिलं नाही. भैय्या मात्र तिकडेच पाहत होते, आणि त्यांचे ओठ लहान पोरासारखे हलत होते.

मी काकूंना धरून बाहेर आणलं. दार आपोआप मिटलं. त्याला कडी नाही, बाहेरून ते बंद करताच येत नाही. मागच्या पडवीत शहादेवनं माठातलं पाणी आणलं. काकूंना ओट्यावर बसवलं, पाण्यानं त्यांचं तोंड पुसलं. मीठ-साखर घातलेला एक पेला मी त्यांच्या हातात दिला. तो हात भाजलेला होता, पण आता गार पडत चालला होता. श्वास ताळ्यावर येत होता. त्या वाचणार होत्या.

"गुफरान!" आतून आवाज आला.

शहादेवनं माझ्याकडे पाहिलं. मी पेला परत भरला.

"गुफरान!" थोडं थांबून परत. मग, "आई!" मग पुन्हा माझं नाव. एकेक हाक, मधे तेवढंच अंतर. हॉलमधली माणसं बाहेर अंगणात आली होती, गाड्या सुरू होत होत्या, आणि त्या गडबडीत कुणालाही ते ऐकू जात नव्हतं. आम्हा तिघांना जात होतं. मी दहा पावलांवर होतो. मला जाता आलं असतं. माझ्या अंगात मात्र असा संताप भरला होता, की पाय उचलावा असं मला वाटलंच नाही. आजही मला ते चूक वाटत नाही, आणि याचंच मला भय वाटतं.

"आई!"

काकूंनी पेला खाली ठेवला आणि ओट्याला हात टेकून उठायला लागल्या. "जाते मी. पोरगं बोलवतंय."

मी त्यांचा खांदा धरला आणि त्यांना खाली बसवलं.

"बसा, काकू," मी म्हटलं. "आदी पाणी प्या."